तुम्ही विचारलंत म्हणून : फोटो असताना माणूस कशाला बसवायचा?

मी चित्रकार, माणसं समोर बसवून त्यांची तैलचित्रं काढते. ‘फोटोवरून का नाही काढत?’ हा प्रश्न मला प्रदर्शनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रंगाच्या दुकानात बिल करता करता काउंटरवरचा मुलगाही विचारतो. त्यात माझ्याबद्दलच्या कुतूहलापेक्षा समोर बसणाऱ्याची कीवच जास्त असते. एवढा चांगला मोबाइल आहे, एक फोटो काढा, माणसाला घरी सोडा आणि बसा निवांत रंगवत. तीन-तीन तास, तेही लागोपाठ रविवार, त्याला खुर्चीत बसवून कशाला छळायचं? मी आजवर ‘सवय आहे हो’ म्हणून वेळ मारून नेत आले. परवा मात्र एका काकूंनी मठ्ठ्यापासून विड्यापर्यंत पिच्छा सोडला नाही, आणि तरी उत्तर अर्धवटच राहिलं. ते इथे पुरं करते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी फोटोवरून काढते, आणि माझं पोट बरंचसं त्यावरच चालतं. आपल्याकडे तैलचित्राला जी मागणी आहे ती मुख्यतः गेलेल्या माणसांच्या तैलचित्राला. शाळेचे संस्थापक, पतसंस्थेचे पहिले अध्यक्ष, साखर कारखान्याचे चेअरमन. पुण्यतिथी किंवा शताब्दी तोंडावर आली की फोन येतो. अनावरणाची तारीख ठरलेली असते, पाहुणे ठरलेले असतात, हार सांगितलेला असतो, आणि माझ्या हातात पडतो ओळखपत्रावरचा एक फोटो, ज्याच्या उजव्या गालावर अर्धा गोल शिक्का आहे. मग घरच्यांच्या सूचना सुरू होतात. ‘कोट घाला. अण्णा कोट घालायचे नाहीत, पण घाला.’ ‘गंध जरा ठसठशीत.’ ‘हसरे दाखवा, पण दात नकोत.’ हे काम मी मन लावून करते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. रंगमंदिर 1968 चं, बालगंधर्व गेले 1967 मध्ये, आणि चित्रांतले बालगंधर्व ऐन उमेदीतले. म्हणजे त्या वयातल्या नारायणरावांना समोर बसवणं शक्यच नव्हतं. तरी मध्यंतरात बटाटेवड्याची रांग सोडून मी ती चित्रं बघत बसते. तेव्हा फोटोशी माझं भांडण नाही. मी बोलतेय ते जिवंत, हिंडत्याफिरत्या, फोन केला तर रविवारी येऊ शकणाऱ्या माणसांबद्दल.

हा प्रश्न कुठल्याही चित्रकाराला विचारा, तो बहुधा कॅमेऱ्याच्या खोड्या सांगेल. हातभर अंतरावरून मोबाइल धरला की नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. खिडकीचा उजेड पांढराफट्ट येतो, नाहीतर हनुवटीखालची सावली काळीठिक्कर, आणि त्या सावलीत डोळ्याला दिसणारा तांबूस, हिरवट, जांभळट कारभार सगळा गडप. हे खरंच आहे. पण छायाचित्रण करणारा माझा मित्र यावर हसतो, आणि त्याचंही बरोबर आहे. चांगली लेन्स लावा, दोन पावलं मागे जा, प्रकाश नीट घ्या, या खोड्या बऱ्याच आटोक्यात येतात. तेवढ्यासाठी कुणाचे रविवार खाणं परवडणारं नाही.

मी माणूस बसवते कारण मला त्याचा कंटाळा हवा असतो.

हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून एक उदाहरण देते. माझी शाळेपासूनची मैत्रीण बँकेत आहे, शाखा सांभाळते. ती बसायला आली ती ‘तयार होऊन’ आली होती. केस नीट, ओठांवर हलका रंग, आणि चेहऱ्यावर तो चेहरा, जो आपण सगळे आता मोबाइल समोर आला की आपोआप लावतो. मान जराशी तिरपी, हनुवटी खाली, डोळे मोठे, ओठांचे कोपरे किंचित वर. आपल्याला स्वतःची कुठली बाजू चांगली दिसते हे पूर्वी फक्त नटनट्यांना ठाऊक असायचं. आता ते आठवीतल्या मुलीला ठाऊक असतं. मी काही बोलले नाही. पॅलेटवर रंग काढत बसले, ब्रश पुसत बसले, पडदा थोडा सरकवला. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी कॅनव्हासवर कामाची रेघ मारतच नाही, कारण माणूस खुर्चीत अजून बसलेलाच नसतो. तो टेकलेला असतो. मग हळूहळू खांदे खाली येतात, पाठ बोटभर खचते, मान आपल्या वजनानं ज्या बाजूला कलायची त्या बाजूला कलते. त्याआधी आखणी केली तर पुढचे तीन तास खोडण्यात जातात.

तो लावलेला चेहरा मात्र खांद्यांपेक्षा चिवट असतो. तो साधारण दुसऱ्या विश्रांतीनंतर सुटतो. तिचा फोन मी आधीच स्वयंपाकघरात ठेवायला लावला होता. गप्पा संपल्या, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाठ झालं, आणि मग ती गेली. म्हणजे बसली तिथेच होती, पण डोळ्यांतून निघून गेली. डावी पापणी उजवीपेक्षा थोडी खाली आली. खालचा ओठ आतून दातांनी हलकेच धरलेला. दोन भुवयांच्या मध्ये एकच उभी आठी, मधोमध नाही, जरा डावीकडे. शाळेत गणिताच्या तासाला माझ्या शेजारी बसलेली मुलगी ती हीच.

‘काय गं, काय झालं?’ माझा हात जोरात चालायला लागला हे तिनं ओळखलं.

‘काही नाही. कुठे होतीस?’

‘सोमवारी ऑडिट आहे,’ ती म्हणाली, आणि आठी आणखी खोल झाली.

फोटोत हा चेहरा येणारच नाही असं नाही. कुणी चोरून टिपला तर येईल. पण चोरून टिपलेल्या फोटोत त्या माणसाचा एक क्षण माझ्या हाती लागतो आणि बाकीचे सुटतात. समोर बसलेलं माणूस मात्र तासाभरात दहादा बदलतं. आठी येते, जाते, पुन्हा येते. पापणी सकाळी जेवढी खाली होती त्याहून दुपारी जास्त. यातलं काय त्या माणसाचं आणि काय नुसतं त्या रविवारचं, हे मला बसल्या बसल्या, हातात ब्रश असताना ठरवावं लागतं. तीनदा आली ती आठी ठेवायची. एकदाच आलेलं हसू सोडून द्यायचं, कितीही गोड असलं तरी. चित्रात जो चेहरा शेवटी दिसतो तो कुठल्याच एका मिनिटाला तिथे नव्हता.

फ्रेंच चित्रकार सेझानचं याउलट होतं. 1899 मध्ये त्यानं आंब्रोआज व्होलार या चित्रविक्रेत्याला बसवलं. व्होलारनंच पुढे लिहून ठेवलंय की बैठका झाल्या 115, आणि एकदा झोप लागून तो खुर्चीवरून खाली आला तेव्हा सेझान त्याच्यावरच खेकसला : सफरचंदासारखं बसायचं, सफरचंद हलतं का कधी? एवढं करून चित्र अपुरं सोडलं, आणि शर्टाचा पुढचा भाग बरा जमलाय एवढंच समाधान व्यक्त केलं. सेझान मोठाच, पण मला सफरचंद नको असतं. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीचा हिशेब मला जास्त जवळचा वाटतो. 2013 ते 2016 या काळात त्यानं मित्र, नातेवाईक, हाताखालची माणसं अशी 82 जणांची व्यक्तिचित्रं केली, ॲक्रिलिकमध्ये, सगळी एकाच खुर्चीत बसवून. प्रत्येकाला दोन-तीन दिवस, बस्स. तीच खुर्ची, तोच उजेड, आणि तरी कुणी खुर्ची व्यापून बसलंय, कुणी तिच्या कडेला टेकलंय.

आता प्रश्न येतो, एवढा वेळ देणार कोण? ज्यांना नाही म्हणता येत नाही ते. आपल्याकडची गाजलेली व्यक्तिचित्रं बघा, त्यांत घरची माणसं किती भेटतात. गोव्यातल्या सांगे इथले आंतोनियो शावियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले, ‘पूर्वेचा रेम्ब्राँ’ म्हणून नावाजले गेले. बायको फ्लोरेन्तिना आणि मुली त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात. पणजीत फुंदासाव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रं आहेत, गोव्याला गेलात तर समुद्रावरचा एक तास तिकडे द्या. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, जे निम्मा देश अजूनही रविवर्म्याचं समजतो, त्यासाठी त्यांची मुलगीच दिवा धरून तासन्‌तास उभी राहिली होती. (ते जलरंगात आहे, तेलरंगात नाही, पण उभं राहणारीच्या पायांना त्यानं काय फरक पडतो.) आणि वासुदेव कामतांना 2006 मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या चित्राला. मला यात प्रेमाबिमापेक्षा सोय जास्त दिसते. बायको-मुलींना ‘हलू नकोस’ म्हणता येतं. मला मैत्रिणींना म्हणता येतं. नवऱ्याला म्हणून पाहिलं, तो पाच मिनिटांत ‘गॅसवर काहीतरी आहे’ म्हणून उठतो.

पैसे घेऊन बसणाऱ्या मॉडेलची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं 1857 मध्ये, पण तिथे नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग रीतसर सुरू झाला तो 1919 च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना. आज कला महाविद्यालयांत ‘हेड स्टडी’ला म्हणजे चेहऱ्याच्या, ‘लाइफ’ला म्हणजे अख्ख्या देहाच्या अभ्यासाला बसणारी माणसं बहुतेक एकमेकांच्या ओळखीनं आलेली असतात. एक मावशी मी शिकत असल्यापासून बसतात. त्यांच्याकडून मी जे शिकले ते कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं. बसल्या बसल्या भिंतीवर एक खूण धरायची, स्विचबोर्डचा स्क्रू किंवा पोपडा, आणि विश्रांतीनंतर परत येऊन नजर तिथेच लावायची. खुर्चीच्या चार पायांना आणि आपल्या दोन पायांना खडूनं खुणा करून घ्यायच्या. वजन एका कुल्ल्यावर टाकायचं नाही, पाय बधिर होतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली की स्वतःच उठायचं, चित्र काढणाऱ्याला वेळेचं भान नसतं. एकदा वर्गातली दोन मुलं मान किती वळली होती यावरून वाद घालत होती. मावशी म्हणाल्या, ‘अरे, मघाशी मला खिडकीचा गज दिसत होता, आता दिसत नाही, म्हणजे मीच वळलेय,’ आणि वळून जागेवर आल्या.

मावशींना मी आजही बोलावते, महाविद्यालयात मिळतात त्याहून जास्त पैसे देते. पण त्यांचं व्यक्तिचित्र मला अजून मनासारखं काढता आलेलं नाही, आणि कारण माझ्या लक्षात आलंय. त्यांना कंटाळा येत नाही. म्हणजे येत असेल, पण तो त्या घरून निघतानाच कुठेतरी ठेवून येतात. त्यांचा बसल्यावरचा चेहरा हा कामावरचा चेहरा आहे, बंद, शांत, कुणाच्याही ब्रशला सारखाच भेटणारा. इतकी वर्षं अनोळखी पोरांच्या नजरा अंगावर घ्यायच्या तर तसा चेहरा लागतोच. तो उघडावा असं म्हणायचा मला काय अधिकार? गळ्याचे स्नायू, कानामागून खांद्यावर उतरणारी रेघ, मांडीवरच्या हाताचं वजन हे सगळं त्यांच्याइतकं चांगलं कुणावरून शिकता येत नाही. व्यक्तिचित्रासाठी मात्र मला चुळबुळ करणारी मैत्रीणच लागते.

याच कारणासाठी जाहीर प्रात्यक्षिकं मला बघायला आवडतात, पण पटत नाहीत. आपल्याकडे ती परंपरा मोठी आहे, शंभर-दोनशे माणसं समोर, मंचावर चित्रकार, आणि दोन-अडीच तासांत चेहरा उभा. हाताची सफाई बघून टाळ्या आपोआप वाजतात. पण मंचावर बसवलेलं माणूस बघा. फेटा, पिकलेल्या मिशा, खोल सुरकुत्या, नाहीतर नऊवारी, नथ आणि ठसठशीत कुंकू. फेटा आणि मिशा निम्मं चित्र काढून ठेवतात. चित्रकाराच्या कौशल्याची परीक्षाच घ्यायची तर बसवा एखादा सत्तावीस वर्षांचा आयटीतला मुलगा, गोल चेहरा, ट्रिम केलेली दाढी, कंपनीचा टी-शर्ट. त्याचा चेहरा ज्यानं दोन तासांत पकडला त्याच्या मी पाया पडेन.

आता थोडं तेलरंगाबद्दल, कारण हा सगळा वेळकाढूपणा चालतो तो तेलरंगाच्या जिवावर. तेलरंग पाणी उडून गेल्यासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होत जातं, आणि त्याला दिवस लागतात. म्हणून गाल दुपारपर्यंत ओला असतो, त्यात बोटानं, कापडानं, दुसऱ्या रंगानं फेरफार करता येतात. आवडलं नाही तर पॅलेट नाइफनं अख्खा गाल खरवडून काढायचा. मागे जो पुसट ठसा उरतो तो कधीकधी आधीच्या गालापेक्षा सरस असतो. प्रत्येक रंगाचं वाळणंही वेगळं. तपकिरी अंबर लवकर ओढतो, काळा आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. पावसाळ्यात तर सगळंच रेंगाळतं. जुलैत केलेला कॅनव्हास पुढच्या रविवारीही बोटाला चिकटतो, आणि त्यावर घाईनं जाड थर चढवला तर पुढेमागे भेगा ठरलेल्या. टर्पेंटाइनच्या वासामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, आणि उघड्या खिडकीतून येणारा पावसाळी किडा ओल्या कपाळावरच येऊन बसतो.

उजेडाचंही तसंच. सगळी विलायती पुस्तकं सांगतात, स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी, तिकडून ऊन कधी येत नाही, प्रकाश दिवसभर एकसारखा राहतो. मीही उत्तरेची खोली मिळेपर्यंत घरं बदलली. पण ती पुस्तकं लंडन-पॅरिसची. पुणं साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर त्याच्या कितीतरी आधीपासून आत यायला लागतं. उन्हाळ्यातल्या एका बैठकीला माझ्या मॉडेलच्या नाकावर सकाळी नऊला अशी एक पिवळीधमक पट्टी पडली की ती हलेपर्यंत आम्ही दोघी पोहे खात बसलो. त्या दिवसांत खिडकीला ट्रेसिंग पेपर लावते. पावसाळा उजेडाला सगळ्यात चांगला, आभाळ भरून आलं की दिवसभर सावलीची कड तसूभर हलत नाही. म्हणजे रंग वाळायला जो ऋतू सगळ्यात वाईट, तोच उजेडाला सगळ्यात चांगला. असो.

आणि कातडीचा रंग. दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब मिळते, फिक्कट गुलाबी. ती कुणाच्या कातडीचा रंग आहे हे ज्यानं नाव ठेवलं त्यालाच माहीत. माझ्या ओळखीत तसं कुणी नाही. स्वीडनचा अँडर्स झॉर्न चारच रंगांच्या पॅलेटसाठी प्रसिद्ध आहे : पांढरा, मातकट पिवळा यलो ऑकर, लाल व्हर्मिलियन आणि काळा. मी सुरुवात त्यावरूनच करते, मग सावळ्या माणसासाठी तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि निळा अल्ट्रामरीन येतातच. विद्यार्थी सावळ्या कपाळावरची चमक पांढऱ्यात ऑकर मिसळून काढतात आणि माणूस तेल थापून बसल्यासारखा दिसायला लागतो. खिडकीसमोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर नीट बघा, ती चमक निळसर असते, कारण ते आभाळच तिथे उतरलेलं असतं. बँकेतल्या मैत्रिणीच्या चेहऱ्यात तर मला अख्खा नकाशाच सापडला. ती रोज दुचाकीवर स्कार्फ गुंडाळून जाते, त्यामुळे डोळ्यांभोवतीचा पट्टा रापलेला, आणि त्याखाली गाल एक छटा उजळ. नाकाच्या दांड्यावर चष्म्याचे दोन ओलसर ठसे. टिकली काढायला लावली तर तिच्याखालचा गोल बाकीच्या कपाळापेक्षा फिका, जणू आणखी एक टिकली. मोबाइलचा कॅमेरा हे सगळं न विचारता पुसून टाकतो, आणि लोक त्याला चांगला फोटो म्हणतात.

कंटाळा सगळ्यांनाच शांतपणे येतो असंही नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एसटीतून निवृत्त झालेत, आयुष्यभर कंडक्टर. त्यांना गप्प बसवलं की त्यांचा चेहराच मावळतो, म्हणून त्यांना बोलू द्यावं लागतं. बोलताना तोंड हलतं, गाल हलतात, हनुवटी वरखाली होते. तेवढ्या वेळात मी कान काढते, कॉलर काढते, मानेमागचे केस काढते. त्यांचे कान माझ्या हातून झालेले सगळ्यात चांगले कान आहेत, कारण त्यांच्या स्वारगेट-महाबळेश्वरच्या गोष्टी फार लांब असतात. मग म्हणायचं, ‘काका, आता पाच मिनिटं तोंड मिटून.’ काका तोंड मिटतात, पण मिटलेल्या तोंडातही पुढचं वाक्य तयार असतं, ओठ नुसते फुरफुरत असतात. तेच शेवटी काढलं. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘हे आत्ता सुट्टे पैसे मागणार.’

बसलेल्यांना स्वतःचं चित्र सहसा आवडत नाही, हेही सांगायला हवं. बँकेतली मैत्रीण बराच वेळ बघून म्हणाली, ‘मी एवढी दमलेली दिसते?’ तिच्या सासूबाई म्हणाल्या, नाक जरा बरं काढायला हवं होतं. तिच्या मुलानं, तो अकरावीत आहे, मोबाइलमधून डोकं वर केलं, चित्राकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अरे, आई अशीच बघते. मी खोटं बोलत असलो की.’ चित्र सध्या त्यांच्या हॉलमध्ये आहे, पण सोफ्यासमोरच्या भिंतीवर नाही, दाराच्या मागे. ते तिनं ठरवायचं. मला ते दार लावल्यावरच दिसतं, एवढंच.

तर काकू, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलंत ते सगळे, तुमच्यापैकी कुणाला बसायचं असेल तर या. आदल्या दिवशी पार्लरला जाऊ नका. पोटभर नाश्ता करून या, उपाशी माणूस अकराला पांढरा पडायला लागतो आणि सगळे रंग बदलावे लागतात. कपडे रोजचे, जरीचं काही नको. जर चकाकते आणि चेहऱ्याकडे बघू देत नाही. फोन स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर. दर पंचवीस मिनिटांनी सुट्टी, दोन वेळा चहा. पैसे मी घेत नाही, चित्र मात्र पहिलं वर्षभर माझ्याकडेच राहतं, कारण नीट वाळल्याशिवाय त्यावर वॉर्निश करता येत नाही. आणि चहाचा कप घेऊन माझ्या बाजूला येऊन बघायचं नाही. तिसऱ्या रविवारपर्यंत तर नाहीच.